इकडचं पाणी : लाट कुणाची?



उन्हाळा आला की आपल्या मंडळातल्या निम्म्या गराजांमधून एक गुंडाळलेली, पंपाने फुगवायची फळी बाहेर निघते. तिला इकडे ‘स्टँड-अप पॅडलबोर्ड’ म्हणतात, किंवा नुसतं ‘सप’. फळीवर उभं राहायचं, हातात एक लांब वल्हं घ्यायचं आणि निवांत पाणी कापत जायचं. तळ्यात किंवा खाडीत तिच्यासारखं सुख नाही. भारतातून आलेले आजी-आजोबासुद्धा बसल्या बसल्या एक फेरी मारून येतात आणि पुढे महिनाभर त्याचे फोटो पुण्याला पाठवतात. कटकट सुरू होते ती हीच फळी समुद्रावर, जिथे लोक लाटांवर सर्फिंग करतात तिथे नेली की.

गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत मी निरनिराळ्या घरांतून एकच कहाणी ऐकली. सांता क्रूझला किंवा पॅसिफिकाला गेलो, पाण्यात उतरलो आणि कुणीतरी अंगावर ओरडलं. एका घरातल्या बाबांना तर ‘जिथून आलात तिथे परत जा’ असं ऐकून घ्यावं लागलं. गाडीत बसल्यावर वाद. बाबा म्हणाले, हा सरळसरळ वर्णद्वेष. हायस्कूलमधली लेक, जी स्वतः सर्फिंग शिकते आहे, ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही त्याच्या लाटेवर चढलात.’ दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात. म्हणून हा विषय या महिन्यात घेतला.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण तो कुठल्याही पाटीवर पुरता लिहिलेला सापडत नाही आणि आपल्याला कुणी सांगितलेलाही नसतो.

चांगली लाट सगळीकडे एकदम फुटत नाही. ती एका जागी आधी फुटते आणि मग तो फेस उजवीकडे किंवा डावीकडे सरकत जातो. सर्फर त्या फेसाच्या जरा पुढे, अजून न फुटलेल्या उतारावरून आडवा घसरत जातो. म्हणजे एका बाजूला जाणाऱ्या एका लाटेवर जागा साधारण एकाच माणसाची. दुसरा त्याच्या पुढ्यात उतरला की पहिल्याची वाट बंद: मागे फेस, पुढे माणूस. म्हणून ऑस्ट्रेलियापासून कॅलिफोर्नियापर्यंत मूळ नियम एकच आहे. लाट फुटण्याच्या जागेला जो सर्वांत जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी माघार घ्यायची. त्याच्या पुढ्यात उतरणं म्हणजे ‘ड्रॉप इन’, आणि पाण्यात याहून मोठा अपराध नाही. दुसरा अपराध ‘स्नेकिंग’, म्हणजे थांबलेल्या माणसाला वळसा घालून ऐन वेळी त्याच्या आतल्या अंगाला जाऊन बसायचं आणि ‘आता मी जवळ’ म्हणायचं. चाळीतल्या नळावर हंड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

आणखी थोडं आहे. बाहेर, म्हणजे खोल पाण्याकडे जाताना लोक लाटा घेत असतात तिथून मधूनच जायचं नाही, कडेने वळसा घालून जायचं. अडकलातच तर येणाऱ्या सर्फरच्या पुढून पळण्याचा प्रयत्न न करता त्याच्या मागच्या फेसाकडे वळायचं, मग तो फेस तुमच्या तोंडावर का आपटेना. फळी हातातून सोडायची नाही. आणि चूक झालीच तर हात वर करून ‘सॉरी’ म्हणायचं. हे शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक.

आता सपवाल्यांचंच वेगळं काय? नियम तर सर्वांना सारखा आहे. गंमत अशी की भांडण नियम मोडण्याचं जितकं आहे, त्याहून जास्त नियम पाळूनसुद्धा सगळं आपल्याकडे ओढून घेण्याचं आहे.

साधा हिशोब करा. सर्फर आपल्या फळीवर बसून लाटेची वाट पाहतो. त्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच फुटांवर. तेवढ्या उंचीवरून क्षितिज दोनेक मैलांवर दिसतं. सपवाला उभा, त्याचे डोळे पावणेसहा फुटांवर, त्याचं क्षितिज तीन मैलांवर. शिवाय बसलेल्याला समोरच्या पहिल्याच उंचवट्यामागचं काही दिसत नाही. येणारी चांगली लाट सपवाल्याला आधी दिसते. दिसली की हाताने पाणी ओढत बसायचं नाही, चार वल्ही मारली की फळीला वेग. त्याची फळी लांब, रुंद आणि तरंगणारी, त्यामुळे लाट अजून उताराची झालेली नसते, नुसता पाण्याचा फुगवटा असतो, तेव्हाच तो तिच्यावर स्वार होतो. सहा फुटी छोट्या फळीवाल्याला ती लाट पुढे येऊन उभी राहीपर्यंत थांबावंच लागतं, आणि ती येते तेव्हा तिच्यावर कुणीतरी आधीच उभा असतो! लाट संपली की हा वल्हं मारत पाच मिनिटांत पुन्हा सर्वांच्या बाहेर जाऊन उभा. पुढची चांगली लाटही त्याचीच.

मुंबईकरांना हे लगेच कळेल. डोंबिवलीहून सुटणारी लोकल कोपरलाच, ती डोंबिवलीकडे जात असताना, पकडून ‘रिटर्न’ येणारे लोक आठवा. पास असतो, कायदा मोडलेला नसतो. पण डोंबिवलीच्या फलाटावर पंधरा मिनिटं उभं राहून गाडी आल्यावर खिडकीत आधीच बसलेला माणूस पाहिला की जो संताप येतो, तोच संताप पाण्यात बसलेल्या सर्फरला येतो. आणि रिटर्नवाला रोजच येतो!

म्हणून सर्फरांनी सपवाल्यांना नावं ठेवली आहेत. त्यातलं सभ्य नाव म्हणजे ‘झाडूवाले’, कारण लांबून ते वल्हं झाडूसारखं दिसतं. (झाडूवाल्याला शिवी म्हणून वापरणं आपल्यालाही नवं नाही, तेव्हा या बाबतीत फार नाक मुरडू नये.)

दुसरी तक्रार आकाराची, आणि ती मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. छोटी सर्फिंगची फळी सहा-सात पौंडांची असते, सप सहज वीस-पंचवीस पौंडांची. ती पायाला दोरीने बांधलेली असते खरी, पण फळी दहा फूट आणि दोरी दहा फूट. नवशिका पडला की वीस फुटांच्या घेरात ती फळी लाटेबरोबर कुठेही फिरणार. खाली फिन म्हणजे कल्ले, तेही धारदार. त्या घेरात कुणाचं दहा वर्षांचं पोर असू शकतं. ओरडणाऱ्या माणसाचा राग पुष्कळदा अहंकाराचा नसतो, भीतीचा असतो. आपल्या भाषेत ‘अहो, जरा बघा की’ असं जे आपण म्हटलं असतं ते तो त्याच्या भाषेत, दोन शिव्या घालून म्हणतो.

पण सपवाले उपरे आणि सर्फर मूळचे, असं जे चित्र रंगवलं जातं ते काही खरं नाही. उभं राहून वल्हं मारणं होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेलं आहे. तिथले ‘बीचबॉय’, म्हणजे पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे स्थानिक लोक, शिकाऊ मंडळींवर नजर ठेवायला आणि त्यांचे फोटो काढायला फळीवर उभे राहून होडीचं वल्हं वापरत. त्यांच्यात जॉन ‘पॉप्स’ आ चॉय आणि त्यांच्या मुलांचं नाव आजही घेतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास माऊई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी ते पुन्हा उचललं. दोघंही अव्वल सर्फर. तिथून ते कॅलिफोर्नियात आलं, आणि फुगवायच्या स्वस्त फळ्या निघाल्यावर तुमच्या-आमच्या गराजपर्यंत.

खरं तर प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी हेच भांडण झालं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी फळ्या एकाएकी आखूड झाल्या, तेव्हापासून लांब फळीवाले आणि आखूड फळीवाले एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहतात, आणि लांब फळीवाल्यावरचा आरोप शब्दशः तोच: ‘हा लाट आधी पकडतो.’ १९७१ मध्ये टॉम मोरी यांनी हवाईत फोमची बूगी बोर्ड बनवली, तर त्यावर पालथं झोपणाऱ्यांना ‘स्पंज’ म्हणून हिणवलं गेलं. पायाला बांधायची दोरीसुद्धा त्याच सुमारास सांता क्रूझमध्ये आली. जुन्या लोकांनी तिची टर उडवली: ज्याला फळी सांभाळता येत नाही त्याच्यासाठी हा गोफ! सुरुवातीच्या ताणल्या जाणाऱ्या दोरीने फळी उसळून परत आली आणि वेटसूटचे कारखानदार जॅक ओनील यांचा एक डोळा गेला. पुढे डोळ्यावरची ती काळी पट्टी त्यांची ओळख झाली. आज बिनदोरीचा नवशिका पाण्यात दिसला तर तेच सर्फर त्याच्यावर ओरडतात.

आणि गर्दी? मालिबूला गर्दी कुणी आणली म्हणाल तर ‘गिजेट’ने. फ्रेडरिक कोनर हा नाझींच्या काळात युरोप सोडून हॉलिवूडला आलेला लेखक. आपली मुलगी मालिबूच्या सर्फर पोरांत रमते आहे हे पाहून त्याने १९५७ मध्ये कादंबरी लिहिली, १९५९ मध्ये सिनेमा आला, आणि अख्खी अमेरिका फळी घेऊन किनाऱ्यावर धावली. स्थलांतरित बाप, इथे वाढणारी मुलगी आणि ‘ही काय भलतीच टूम’ असा बापाचा प्रश्न. आपल्या घरोघरी चालणारंच नाटक.

त्याहून मागे जायचं तर सांता क्रूझलाच जावं लागेल. १८८५ मध्ये सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी तीन तरुण रेडवुडच्या फळ्या घेऊन लाटांवर उभे राहिले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं हे पहिलं नोंदलेलं सर्फिंग. ते तिघे कोण? हवाईचे राजपुत्र, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कुहिओ. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, अमेरिकेने ते आपल्यात घेतलं १८९८ मध्ये. म्हणजे ते तिघे सॅन मटेओच्या शाळेत शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी होते! आपल्यातले किती जण सूटकेस घेऊन विद्यार्थी म्हणूनच या देशात उतरले. तेव्हा सांता क्रूझच्या पाण्यात कुणी तुम्हाला ‘परत जा’ म्हणालं, तर ही तारीख लक्षात असू द्या. ती तिथल्या तिथे ऐकवायची नसते, पण मनाला बरं वाटतं. (तसं सांता क्रूझच्या पाण्यातलं खरं लोकल कुणी असेल तर ती ८४१ क्रमांकाची पाणमांजरी. २०२३ च्या उन्हाळ्यात ती सर्फरांच्या फळ्यांवर चढून बसत होती, दातांनी फळ्या कुरतडत होती. तिला नियम सांगायची कुणाची छाती झाली नाही.)

आता त्या ‘परत जा’बद्दल. इथे मात्र मी हसून सोडून देणार नाही.

सर्फिंगमध्ये ‘लोकलिझम’ नावाची एक रीत आहे. आमच्या किनाऱ्यावर राहणारे आम्ही, लाटाही आमच्याच. विरार लोकलमध्ये बोरिवलीवाल्याला दारात पाय ठेवू देत नाहीत तसं. लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्डेस इस्टेट्स या श्रीमंत गावात लुनाडा बे म्हणून एक खाडी आहे. तिथे अनेक दशकं एका टोळक्याने बाहेरच्यांना पाण्यात उतरू दिलं नाही. दगड मारणं, गाडीचे टायर फाडणं, धमक्या, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत होत्या. कड्याखाली त्यांनी दगडांची एक गढीच बांधली होती. २०१६ मध्ये प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शहराला ती गढी पाडावी लागली. खटले पुढे बरीच वर्षं चालले, शहराने तडजोड केली ती २०२४ मध्ये. आणि लक्षात घ्या, तिथे अडवले जाणारे पुष्कळ जण गोरे अमेरिकनच होते. टोळीला फक्त बाहेरचा माणूस नको होता.

पण रंगाचा इतिहासही खोटा नाही. निक गॅबल्डोन हा कॅलिफोर्नियातला नोंद असलेला पहिला आफ्रिकन-अमेरिकन सर्फर. सांता मोनिकाच्या ज्या तुकड्यावर कृष्णवर्णीय लोक जमत, तिथून तो फळीवर पालथा पडून हातांनी पाणी कापत मालिबूला जायचा, बारा मैल. १९५१ मध्ये मालिबूच्या धक्क्याच्या खांबावर आदळून तो गेला. चोविसाव्या वर्षी.

कायद्याची बाजू थोडक्यात: कॅलिफोर्नियात भरतीच्या रेषेखालची ओली वाळू आणि पाणी सर्वांचं आहे, राज्यघटनेतच पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क दिलेला आहे. लाट कुणाच्याच मालकीची नाही. ड्रॉप इन केल्याबद्दल तुम्हाला पोलीस पकडणार नाहीत, पण ड्रॉप इन केलं म्हणून तुम्हाला मारणाऱ्याला जरूर पकडतील. मारहाण ती मारहाणच, मग पाण्यात का होईना. १९६६ चा जगज्जेता नॅट यंग याला २००० मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्याच अँगोरीच्या किनाऱ्यावर एवढा मार बसला की त्याने त्याच वर्षी ‘सर्फ रेज’ नावाचं पुस्तकच काढलं.

मग ओरडणारा माणूस नियम सांगतो आहे की हाकलतो आहे, हे ओळखायचं कसं? माझी कसोटी सोपी आहे. तुम्ही काय केलंत यावर तो बोलतो आहे की तुम्ही कोण आहात यावर? ‘माझ्या पुढ्यात उतरू नका’, ‘फळी धरा’, ‘तिकडच्या कडेने जा’ हे सगळं कितीही तिखट शब्दांत आलं तरी ते नियमच आहेत, ते ऐकावेत. ‘परत जा’ हा नियम नाही. तिथे वाद घालू नये, पाण्यात तर मुळीच नाही. पण बाहेर येऊन लाइफगार्डला जरूर सांगावं. आपली माणसं ‘जाऊ दे, आपण परक्या देशात’ म्हणून गप्प बसतात. वीस-पंचवीस वर्षं कर भरल्यावर परका देश कसला?

आणि सर्फरांच्या बाजूने हेही म्हटलं पाहिजे की ज्याच्या हातात मोठं साधन, त्याने हात आखडता घ्यावा ही अपेक्षा अवाजवी नाही. मालवणकडे रापणीवाले आणि पर्ससीन जाळेवाले यांचं भांडण आपल्या कोकणातल्या वाचकांना ठाऊक आहे. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून साऱ्या वाडीने मिळून ओढायचं, पर्ससीनवाला यांत्रिक बोट घेऊन बाहेरच मासळीचा थवा घेरतो. किनाऱ्यापर्यंत यायला मग उरतं काय? महाराष्ट्र सरकारला २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. तिथे प्रश्न पोटाचा आहे आणि इथे हौसेचा, हा फरक मी विसरलेले नाही. पण बाहेर उभा असलेला आधी घेणार आणि आत थांबलेला पाहत राहणार, हे तेच. जाणते सपवाले म्हणूनच एक पाळतात: एक लाट घेतली की पुढच्या दोन-तीन आपल्या वाट्याच्या असूनही सोडायच्या, आणि शेजारच्याला हाक मारून ‘घ्या, तुमची’ म्हणायचं. असा सपवाला कुठल्याही किनाऱ्यावर खपतो.

सप नक्की कुणाचं, यावर वरच्या पातळीवरही जुंपली होती. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटना म्हणाली ही सर्फिंगची फळी, कनू संघटना म्हणाली वल्हं आहे म्हणजे आमचं. २०२० मध्ये खेळांच्या लवादाने निकाल दिला: ऑलिंपिकच्या पातळीवर कारभार सर्फिंगवाल्यांचा, स्पर्धा मात्र दोघांनीही भरवाव्यात. पाण्यात बसलेल्या सर्फरांना हा निकाल कुणी कळवला नसावा.

जाता जाता कामाच्या गोष्टी, कारण जुलैत मंडळाची सहल आहे आणि फळ्या निघणारच आहेत.

कोस्ट गार्डने २००८ पासून सपला, पोहण्याच्या आणि सर्फिंगच्या पट्ट्याबाहेर वापरलं तर, चक्क ‘नौका’ ठरवलं आहे. म्हणजे प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट आणि एक शिटी जवळ हवी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते जॅकेट अंगात घातलेलंच हवं. मोठ्यांनीही घालावं असं माझं मत, पोहता येत नसेल तर मतसुद्धा विचारू नये. वाहत्या नदीत घोट्याला दोरी बांधू नका. ती फांदीत अडकली तर पाण्याच्या ओढीत वाकून सोडवता येत नाही. तिथे कमरेची, झटक्यात सुटणारी दोरी मिळते. दुपारी वारा वाढतो आणि उभा माणूस म्हणजे शीडच. वारा समुद्राकडे नेऊ लागला तर लगेच गुडघ्यावर बसा, तरीही जमत नसेल तर पालथे पडून हातांनी या. किनाऱ्यावर पिवळ्या झेंड्यावर काळा गोळा दिसला तर दक्षिण कॅलिफोर्नियात त्याचा अर्थ असा की पाणी त्या वेळी पोहणाऱ्यांचं, फळ्या बाहेर.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्फरांच्या लाटांपाशी जायचंच नाही. फॉस्टर सिटीचं लगून आहे, माउंटन व्ह्यूचं शोरलाइन लेक आहे, मॉस लँडिंगला एल्कहॉर्न स्लू आहे. तिथे पाणमांजरी दिसतील, पण त्यांच्या जवळ जायचं नाही, त्या उठून बघू लागल्या तर तुम्ही फार जवळ आलात असं समजा. धरणांच्या जलाशयांवर जाणार असाल तर निघण्याआधी फोन करा. २०२४ मध्ये स्टॉक्टनच्या बंदरात गोल्डन मसल नावाचा परदेशी शिंपला सापडल्यापासून बऱ्याच ठिकाणी तपासणी कडक झाली आहे आणि फुगवायच्या फळ्यांनाही काही ठिकाणी ती लागू आहे. फळी कोरडी, स्वच्छ न्या.

लाटांवरच जायचं असेल, तर आधी एक धडा घ्या आणि पहिल्या दिवशी पाण्यात उतरण्यापूर्वी अर्धा तास वाळूवर बसून नुसतं पाहा: लाट कुठे फुटते, लोक कुठून बाहेर जातात, कोण कुणासाठी थांबतो. सोबत पोहे असतील तर हा अर्धा तास फार बरा जातो.